एक झबलं

पालीनाने झबलं मागितलं, आणि तेक्ला आजीने आयुष्यात पहिल्यांदा एका पोटुशीला तोंडावर नाही म्हटलं.

गावात असं कोणी करत नसे. पोटुशीला नाही म्हटलं की घरातले कपडे उंदीर कुरतडतात, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे उन्हाळाभर पालीनाची चंगळ होती. शेजारची तेक्ला तशी महाचिकट, तिचं सफरचंद झाडाखाली सडेल पण कुंपणापलीकडे जायचं नाही. पण पालीना दारात उभी राहिली की ती कुरकुरत बरण्या काढायची. आंबवलेल्या काकड्या गेल्या, मध गेला, एकदा तर पिसांची नवी उशी गेली. "पोटात पोर आहे की जकात नाक्याचा शिपाई?" असं विचारत ती पोटावर हात ठेवायची, आणि आतून लाथ बसली की दिवसभर खूश असायची.

आज तिने हात ठेवला नव्हता. अंगणात बसून ती बटाटे निवडत होती आणि हात मातीने भरले होते.

"झबलं? आत्ता?" ती म्हणाली. "अजून सहावा सरला नाही तुझा. जन्माआधी घरात चिंधीसुद्धा आणायची नाही, एवढंही आईने शिकवलं नाही होय?"

आईने शिकवलं होतं. बाकीचं डॉक्टरणीने मागच्या तपासणीला सांगितलं होतं. आता बाळ तुझा आवाज ओळखेल, डोळे उघडेल, लाथा मारून तुला झोपू देणार नाही. त्या दिवसापासून पालीना चुलीशी बसून एकटीच बडबडायची. नवरा लाकडांचा ट्रक घेऊन मिन्स्कच्या पलीकडे गेलेला, बोलायला दुसरं होतं कोण? मग परवापासून पोट गप्प झालं. झोपलं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. आज सकाळच्या बसने ती तालुक्याला गेली. डॉक्टरणीने यंत्र पोटावरून पुन्हा पुन्हा फिरवलं आणि शेवटी त्याचा पडदा भिंतीकडे वळवला.

"जुनं चालेल," पालीना म्हणाली. "तुमच्या नातवंडांचं असेल ना एखादं."

तेक्ला आता खरंच चिडली. उंदरांनी अख्खी पेटी फस्त केली तरी बेहत्तर, पण याबाबतीत ती कोणाचं ऐकणार नव्हती. आधी आणलेलं पोराला लाभत नाही. एकदा बाळ होऊ दे, मग ती स्वतः घेऊन येईल, झबली, टोपरी, दुपटी, सगळं. ती बोलतच राहिली. पालीनाला तिचा राग आला नाही. त्या बाळाचं एवढं भलं चिंतणारं माणूस समोर बसलं होतं, आणि आजीला हे कसं सांगायचं तेच तिला सुचत नव्हतं.

"उद्या सकाळी दवाखान्यात जायचंय," ती अखेर म्हणाली. "नर्स म्हणाली, पुरायचं असेल तर कपडे घेऊन ये. नाहीतर चादरीत गुंडाळून देतात."

तेक्लाच्या हातातला बटाटा हातातच राहिला.

"माझ्या घरात काहीच नाहीये, आजी," पालीना म्हणाली. "मी सगळं पाळलं."

तेक्ला उठली. तिने कोपरापर्यंत हात धुतले आणि पालीनाला घरात नेलं. पेटीतून नातवंडांची झबली काढून तिने टेबलावर मांडली. त्यातलं सगळ्यात लहान पालीनाने उचललं आणि परत ठेवलं. तेही फार मोठं होतं.

मग तेक्लाने पेटीच्या तळाचं गाठोडं काढलं. गावातल्या प्रत्येक म्हातारीकडे असं एक गाठोडं असतं, तिला पुरताना घालायच्या कपड्यांचं. घागरा, डोक्याचा रुमाल, न वापरलेले बूट. त्यातला पांढरा सदरा तिने स्वतः भरला होता, बाह्यांवर लाल दोऱ्याने, डोळे चांगले होते तेव्हा. तिने तो पसरला, कात्री घेतली आणि एक बाही खांद्यापासून कापून काढली.

"आजी, अहो तो तुमचा..."

"एका बाहीपायी मला वरून कोणी परत पाठवत नाही," तेक्ला म्हणाली. तिने सुईदोरा पालीनापुढे केला. "एवढं ओवून दे. मला दिसत नाही."

पालीनाने सुई ओवून दिली. तेक्लाने बाही मांडीवर सरळ केली.

"दाखव," ती म्हणाली. "केवढं करू?"

पालीनाने दोन्ही हात समोर धरले. मग थोडे जवळ आणले.