येते म्हटलं होतं

सावद्याला केळीच्या गोदामामागच्या बाहेरून कडी घातलेल्या खोलीतून मेघा आणि तिची मुलगी डिंपल कित्येक वर्षांनी सुटल्या. डिंपल तिथंच जन्मली होती. निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे आईनं शिकवलेलं तिला त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडलं. रिकाम्या खोलीकडे वळून ती म्हणाली, "येते."

पारोळ्याला मेघाच्या भावानं त्यांच्या खोलीची बाहेरची कडी आधीच काढून टाकली होती. तरी डिंपल आतून दार वाजवायची आणि कुणी कडी काढेल म्हणून उभी राहायची. आजी म्हणायची, "माय, दार उघडंच शे. लोट ना."

हळूहळू ती दार लोटायला शिकली. वाजवणं थांबलं.

आज दुपारी बाकीचे शेतात होते. मेघा अंगणात डिंपलची वेणी घालत होती. त्यांच्या रिकाम्या खोलीचं दार आतून वाजलं. मग वाट बघितल्यासारखं शांत झालं.

मेघाच्या हातातली वेणी सुटली.

"मी त्या खोलीला येते म्हटलं होतं," डिंपल म्हणाली. "गेले नाही, म्हणून ती आली."

दार पुन्हा वाजलं.

मेघानं तिच्या तोंडावर हात ठेवायच्या आत डिंपलनं आजीच्या सुरात हाक दिली, "माय, दार उघडंच शे. लोट ना."