शेपटी आज लावायची

"आजच लावून बघा, भावजी," टेम्पोतून उतरता उतरता पुतळा म्हणाली. "उद्या मी इथं नसनार."

तिच्या मागे, गोधडीत गुंडाळलेली, विमानाची शेपटी होती. आडवी, पुरुषभर लांब, अॅल्युमिनियमची. तिचा नवरा किसन ती आजारपणात घरी बसून करत होता. शेवटचा रिवेट मारला आणि पंधरवड्यात गेला बिचारा. आता खोली मोकळी करून पुतळा मोऱ्याला भावाकडे राहायला चालली होती. किसन गेल्यापासून त्याचा मित्र गोवर्धन ही शेपटी लावून बघायचं टाळत होता.

वखारीत त्या विमानाच्या धडाचा सांगाडा उभा होता. मिठागर बंद पडल्यापासून घणसोलीतली ही वखार रिकामीच होती. परदेशातून पेट्यांत सुटं आलेलं विमान दोघा मित्रांनी इथं जोडायला काढलं होतं. दोघंही विमानतळावर मेकॅनिक. धड गोवर्धननं करायचं, शेपटी किसननं. शेपटी एकदा तात्पुरती लावून बघायची, पण ती कधी, यावरून दोघांची कायम जुंपायची. किसन म्हणे, सांगाडा उघडा आहे तोवर बघू, चूक निघाली तर हात तरी आत जाईल. गोवर्धन म्हणे, दोन्ही पुरं होऊ दे, मग एकदाच काय ते. आता धडावर पत्रा चढवायची वेळ आली, तरी शेपटी आणायला त्याचा पाय निघत नव्हता. नाही बसली तर? भांडायला समोर माणूसच राहिला नव्हता.

"वैनी, आज नको. रातपाळी करून आलोय. अंगात त्रान नाय."

"आनि मी काय नाचून आलीय? सकाळपासनं घर उपसतेय." पुतळानं गोधडीची गाठ सोडली. "मला एवढंच बघून जायचंय. आजारी मानूस कसली विमानं करतोय, येळ घालवतोय नुसता, असं लोकं माझ्या तोंडावर बोलली. बसली तर सुखानं जाईन. नाय बसली तर द्या भंगारात. परत न्यायची ताकद नाय माझ्यात."

दोघांनी शेपटी उचलली. पुढची भोकं समोरासमोर आली आणि बोल्ट अलगद आत गेला. मागची मात्र जुळेनात. गोवर्धननं ढकलून पाहिलं, ओढून पाहिलं, ओठातल्या ओठात एक शिवीही हासडली. शेपटीचं भोक एकीकडे, धडावरची कडी दुसरीकडे.

"काय झालं?"

"काय नाय. माप घेऊ जरा."

पुतळानं पिशवीतून टेप काढली. "घ्या. त्यांचीच हाय."

ती टेप गोवर्धन कशी विसरेल! टोकाची पट्टी ढिली होऊन कधीचीच लोंबायला लागली होती. नवी घे म्हटलं तर किसन ऐकेल तर शपथ. तो टोक सोडून द्यायचा, एक इंचाच्या रेघेवर धरायचा आणि येईल त्या मापातून एक इंच वजा करायचा. विमानतळावरचं सगळं हँगर त्याला हसायचं, पण त्याचं माप कधी चुकलं नव्हतं.

पुतळानं न सांगता पुढं होऊन टेप धरली. बरोबर टोकावर, दोन बोटांनी घट्ट.

"अशीच धरायची मी," ती म्हणाली. "शेवटी शेवटी त्यांचे हात लई थरथरायचे. मी टोक धरायची, ते रेघ मारायचे. लग्नाला एवढी वर्सं झाली, पन जरा हात लाव गं, असं म्हनाले ते तेवाच."

गोवर्धननं माप घेतलं. नकाशाशी ताडून पाहिलं. धड बरोबर होतं. शेपटीचं भोक एक इंच मागे पडलं होतं. मोजून एक इंच.

त्याला सगळं कळलं. हिनं एकवर धरलीय असं समजून किसननं एक इंच वाढवून रेघ मारली, आणि हिनं धरलं होतं टोक. त्यानं सांगितलं नाही, हिनं विचारलं नाही. अरे गाढवा, बायकोला एवढं तरी सांगायचंस! त्याला किसनचा असा राग आला, असा राग आला!

"बोला की," पुतळाची नजर त्याच्या तोंडावरून हलत नव्हती.

"शेपटी बरोबर हाय," तो म्हणाला. "धड चुकलंय. माझं."

"खरं?"

"माझीच कडी एक इंच पुढं बसलीय. तो म्हनत होता तेवाच लावून बघायला पायजे होती."

कडी मागे घेता येणार होती. तिच्याखाली नवी पट्टी घालायची, आधाराचा सांधाही हलवायचा. होण्यासारखं होतं, विमानाला त्यानं धोका नव्हता. फक्त अख्ख्या पावसाळ्याचं काम उकलून पुन्हा करायचं होतं. नुसत्या विचारानंच त्याची कंबर दुखायला लागली.

पुतळा रिकाम्या पेटीवर बसली. पदर तोंडाला लावून थोडी रडली. "मला ठावं होतं," ती म्हणाली. "त्यांचा हात चुकायचा नाय."

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. डोळे पुसून उठली आणि टेप पुन्हा हातात घेतली.

"आता तुमच्या कडीला नवी रेघ मारायची ना? चला, मी धरते. जाता जाता तेवढं करून जाते." ती धडापाशी वाकली. "कुठं धरू?"

गोवर्धननं कानावरची पेन्सिल काढली.

"टोकावर," तो म्हणाला. "किसनला धरून द्यायच्या तशीच."