जुना फिल्टर

ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल आणि फिल्टर बदलायचा होता. म्हातारे काका स्टूल ओढून गाडीखाली झोपलेल्या मेकॅनिकच्या उशाशीच बसले. काळं पडलेलं ऑइल त्यांनी बोटावर घेऊन हुंगलं, निघालेला फिल्टर मागून घेतला, नवा खोक्यातून निघताना पाहिला. चेंबरचा शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. चहालाही नको म्हणाले.

शेवटी मेकॅनिक वैतागला. "काका, डोळ्यांत तेल घालून बघताय. मी काय चोर वाटलो तुम्हाला?"

"तू नाही रे," काका खाली मान घालून म्हणाले. "माझंही गॅरेज होतं. नवा फिल्टर टाकला म्हणून सांगायचो आणि जुनाच धुऊन बसवायचो. ही गाडी माझ्या मुलीची आहे."