डोळे मिटून

दौलतरावांनी चाकणच्या कंपनीत, पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशॉपच्या धडधडाटात तीस वर्षं काढली. दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. हेडफोनमध्ये आवाज आला की बटण दाबायचं. दौलतराव मशीनवरून आवाज सोडणाऱ्या मुलीच्या बोटाकडे बघून दाबायचे आणि पास व्हायचे, नोकरी टिकायची. बारीक आवाज ऐकूच येत नाहीत, हे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. रविवारी ते बायकोबरोबर कुरुळीजवळचं पक्षी अभयारण्य बघायला गेले. झाडीतल्या तळ्याकाठी सगळ्यांना बसवून गाईड म्हणाला, “डोळे मिटा. खंड्या ओरडला की हात वर करायचा. चोरून बघायचं नाही हां, काका!” दौलतरावांनी डोळे मिटले. फक्त महामार्गावरच्या कंटेनरची घरघर ऐकू येत होती. तेवढ्यात कुणीतरी मनगट धरून त्यांचा हात हळूच उचलला. “शाब्बास, काका!” दौलतरावांनी डोळे उघडले. बायकोचे डोळे घट्ट मिटलेले होते. एक हात स्वतःचा वर, दुसऱ्यात नवऱ्याचा.