डावा तळहात

खुर्चीत बसून दुपारनंतरची असरची नमाज संपली, की मोहिद्दीन शिंपी लगेच टोपी काढून ठेवायचे. दुआ मागायचीच नाही. अर्धांगवायूने डावा हात लुळा पडल्यापासून चार महिने हेच चाललं होतं.

"एकच हात पसरून मागणं बरं दिसत नाही," ते आज पुन्हा म्हणाले. "अब्बांनी दोन्ही हात जुळवून मागायला शिकवलंय. अर्धवट अदब मला जमत नाही."

त्यांची बायको सकीना त्यांच्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसली आणि आपला डावा तळहात तिने त्यांच्या उजव्या तळहाताला लावून धरला. "झाले दोन. आता मागा."

त्यांनी मान खाली घातली. आधी अल्लाहचे आभार, मग पैगंबरांसाठी दुरूदची प्रार्थना, मग आपलं मागणं, हा क्रमही अब्बांचाच. त्यांनी आभारांपासून सुरुवात केली आणि नजर शेजारच्या तळहातावर गेली. त्यावर तव्याच्या चटक्याचा जुना डाग होता. बोटांच्या टोकांना सुई टोचल्याच्या खुणा होत्या. चार महिने त्यांच्या गिऱ्हाइकांची काजं तीच करत होती. आभार संपेचनात.

हात अवघडला, तसं सकीनाने हळूच विचारलं, "हात बरा होण्याचं मागितलंत ना?"

"तिथवर पोचलोच नाही. आमीन म्हण."

"आमीन."

दुआ संपली की दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवायचे असतात. त्यांच्या उजव्या गालावरून त्यांचा हात फिरला, डाव्या गालावरून तिचा.