सरळ उत्तर

"काकाजी, यावेळी सरळ बोला जी," मैना म्हणाली. "मागच्या वेळी फोनवर संस्थेच्या कौशल्याताई होत्या. आता त्या नाही आहेत. संस्थेनं सर्व्हेला एआय जोडला आहे. तोच विचारते, तोच भरते, अन् माझं इथं येणंही तोच ठरवते."

"मी कधी वाकडं बोलतो?" श्यामराव म्हणाले.

कॉटवर पडलेल्या वासंतीबाई हसल्या. म्हणजे त्यांचा उजवा ओठ हसला. डावं अंग गेल्यापासून नवऱ्याच्या वाट्याला बायकोचं एवढंच हसू उरलं होतं, आणि ते दिसावं म्हणून श्यामराव दिवसभर जीभ परजत बसायचे. या जिभेमुळे अर्ध्या कसबा पेठेनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. वासंतीबाईंना मात्र तिचाच काय तो गुण यायचा.

फोन वाजला. कानानं कमी ऐकू येतं म्हणून श्यामरावांनी स्पीकर लावला.

"नमस्कार. मी गृहसेवेची एआय सहायिका बोलते आहे. आपली पाच मिनिटं मिळतील का?"

"घ्या की. मिनिटांचंच दुकान आहे माझं."

"धन्यवाद. वासंतीबाई स्वतःहून उठून बसतात का?"

संस्थेकडून रोज येणारी मैना वासंतीबाईंची पाठ पुसत होती. एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालून तिनं त्यांना अलगद कुशीवर घेतलं होतं. श्यामरावांना हे जमत नाही. एकदा करायला गेले तर दोघंही जमिनीवर आली होती. मैना यायची थांबली तर वासंतीबाई ओल्या चादरीवर तशाच पडून राहणार आणि पाठीला जखमा होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नुसतं "नाही" म्हणायचं होतं.

पण वासंतीबाई त्यांच्याकडेच बघत होत्या. बायकोच्या तोंडावर तो शब्द श्यामरावांच्या तोंडून फुटेना.

"बसतात काय, पळतात! रोज पहाटे पर्वती चढून येतात. मी पायथ्याशी चपला सांभाळतो."

उजवा ओठ हलला.

"अरे वा! ऐकून आनंद झाला. नोंद केली. जेवण स्वतःच्या हातानं घेतात का?"

"घेतात, आणि वर मला वाढतात. अगदी आग्रह करकरून."

"काकाजी!" मैना दबक्या आवाजात ओरडली. त्यांनी हातानंच तिला थांबवलं. शेंबड्या पोरालाही कळावी अशी थट्टा होती ती. कौशल्याताई तर पोटभर हसायच्या, "कळलं हो काका," म्हणायच्या आणि लिहायचं तेच लिहायच्या.

"आंघोळीसाठी मदत लागते का?"

"छे हो! आंघोळ घरी करतंय कोण? त्या पोहायला जातात."

आता वासंतीबाई आवाज करून हसल्या. हंड्यात पाणी पडावं तसा, घशातून आलेला आवाज. घरात तो कित्येक महिन्यांत कुणी ऐकला नव्हता. श्यामरावांना भरून आलं. ही अशी हसणार असेल तर दिवसभर विचारा म्हणावं प्रश्न.

"आपल्या घरातलं हसणं ऐकून छान वाटलं. आपल्या उत्तरांनुसार वासंतीबाई पूर्ण बऱ्या झाल्या आहेत. अभिनंदन! उद्यापासून ही सेवा आम्ही यादीतल्या पुढच्या कुटुंबाला देत आहोत. आपली उत्तरं जमा झाली आहेत."

"अहो, थांबा, थांबा! थट्टा केली मी."

"समजलं. जमा झालेली उत्तरं बदलता येत नाहीत. पुढचं सर्वेक्षण दिवाळीनंतर होईल. आपला दिवस—"

"खड्ड्यात गेली दिवाळी!" श्यामराव फोन दोन्ही हातांत धरून ओरडले. "ती उठत नाही हो. तिला कूससुद्धा बदलता येत नाही. सगळं अंथरुणातच होतं तिचं. मला नाही उचलता येत तिला. नाही होत माझ्याच्यानं. ऐकताय का?"

फोन केव्हाच बंद झाला होता. ऐकलं ते वासंतीबाईंनी.

मैनानं संस्थेत फोन लावला. तिथंही तोच गोड आवाज आला. ती बोलत असतानाच तिच्या मोबाइलवर निरोप येऊन पडला: उद्यापासून धायरीचं घर. तिनं तो श्यामरावांना दाखवला नाही, पण त्यांनी वाचला.

मग तिनं धुतलेली चादर घातली. "असा हात घालायचा, काकाजी. आधी गुडघा दुमडायचा, मग खांदा." श्यामरावांनी करून पाहिलं. गुडघा दुमडला, पण खांदा उचलला जाईना. वासंतीबाईंनी डोळे मिटून घेतले. मैनानं श्यामरावांचा हात हळूच बाजूला केला आणि उरलेलं स्वतःच केलं. न्हाणीघरातली बादली भरून ठेवली, औषधं हाताशी लावली. आणखी काही करण्यासारखं उरलं नाही तेव्हा पिशवी खांद्याला अडकवून दारात उभी राहिली.

रोज निघताना ती "येते जी" म्हणायची. रोज श्यामराव म्हणायचे, "येतेस कसली? चाललीस की!" त्यावर रोज वासंतीबाई हसायच्या.

"येते जी," मैना म्हणाली.

वासंतीबाईंनी डोळे उघडले आणि नवऱ्याकडे पाहिलं. उजवा ओठ त्यांनी आधीच वर उचलून धरला होता.

"ये," श्यामराव म्हणाले.