नवसाचं मटण

आठ महिन्यांच्या लेकीचा, झुम्राचा ताप उतरला तर मेंढा कापून वाटेन, असा नवस नेस्लिहान इस्पितळात बोलली होती. ताप उतरला, मेंढाही कापून झाला. पण नवसाच्या मटणातला घासही घरच्यांना चालत नाही, सगळं गरिबांच्याच पोटात जावं लागतं. आणि जर्मनीतल्या डुइसबुर्गच्या त्या तुर्की गल्लीत सकाळपासून तिला एक गरीब सापडेना.

"आम्ही काय भिकेला लागलोय का गं?" मुकद्देस मावशी दारातच कडाडल्या. "जावयाची दोन दुकानं आहेत माझ्या! बकरी ईदचं असतं तर घेतलंही असतं, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही वाटतात."

मशिदीतले चाचा हसले. "पोरी, इथे सगळे द्यायलाच येतात. न्यायला कोण येतंय?"

"ठेव फ्रीजरमध्ये," नवरा फोनवर म्हणाला. "मिळेल कोणीतरी."

"आणि तोवर हिला पुन्हा ताप भरला म्हणजे? तुला काय जातंय बोलायला!" तिने झुम्राच्या कपाळाला आज विसाव्यांदा हात लावला.

शेवटी एका हातात जड पिशव्या आणि कडेवर झुम्रा, अशी चरफडत ती चार जिने चढून आली. तिच्याच दाराच्या मुठीला एक पिशवी लटकत होती, आणि पिशवीला चिठ्ठी.



"नेस्लिहान, माझ्या नवसाचं मटण आहे. अख्ख्या इमारतीत गरजू असं तुझंच घर दिसलं. लाजू नकोस, पोटभर खा. – तळमजल्यावरची फेरिहान."